धूर बाधतो

मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीविषयी कार्यालयीन मराठीत काहीही वाचा, 'आरोग्यावर प्रतिकूल परिणाम होतो' हे शब्द हटकून भेटतात. इंग्रजी 'अ‍ॅडव्हर्सली' या क्रियाविशेषणाचं हे मराठी रूप. ते खटकतं, कारण याच अर्थाचं अख्खं क्रियापद आपल्याकडे आहे: बाधणे. रात्रीचं दही बाधतं, गार वारा बाधतो, शिळं अन्न बाधतं. विषबाधाही त्याच धातूची आणि करोनाच्या साथीत 'बाधित' हा शब्द घरोघर पोचला. इंग्रजी 'अफेक्ट' हे क्रियापद नुसता परिणाम सांगतं, तो वाईट असल्याचं क्रियाविशेषणाला सांगावं लागतं. 'बाधणे'त अपाय क्रियेतच मुरलेला असतो. शिवाय जे बाधतं त्याचं नाव वाक्यात घ्यावंच लागतं. 'धूर बाधतो' यातला धूर काढा, वाक्य लंगडं होतं. 'प्रतिकूल परिणाम होतो' मात्र धुराचं नाव न घेता खुशाल पुरं होतं.

यावर कायद्याचा मसुदा लिहिणारा म्हणेल, कारण सिद्ध नसताना नाव कसं घ्यायचं? देवनार, गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या पट्ट्यात कचऱ्याच्या धुराबरोबर माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, वाहनं आहेत, दाटीवाटीच्या खोल्या आहेत. खोकला नेमका कशाचा? आक्षेप वजनदार आहे, पण 'बाधणे'ला तो लागू पडत नाही. एकाच पंगतीतलं दही एकाला बाधतं, शेजारच्याला पचतं. तरी दह्याचं नाव घ्यायला कुणी कचरत नाही. हे क्रियापद हेतूचा आरोप करत नाही, एकमेव कारण असल्याचा दावाही करत नाही. ही कचराभूमी १९२७पासूनची. ढिगाच्या पोटात कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, पेटतो, आणि आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते. जानेवारी २०१६च्या आगीचा धूर शहरभर पसरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांतल्या धुराला नाव देण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा होता?

'प्रतिकूल' या शब्दाचा मला राग नाही. कूल म्हणजे तीर. पाण्याच्या काठाची आठवण त्यात आहे. देवनारचे ढीग ठाणे खाडीच्या काठावरच उभे आहेत, आणि त्याच खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तीर विसरलेला शब्द तिरावरच्याच कचऱ्यासाठी वापरला जातो, हे मनात घर करून राहतं.

आता मूळ इंग्रजीकडे पुन्हा पाहिलं, तर माझाच निवाडा बदलावा लागतो. १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या २३व्या कलमात 'इंज्युरियसली अफेक्टिंग' असा प्रयोग होता. संपादनामुळे माणसाच्या उरलेल्या मालमत्तेला किंवा कमाईला अपाय झाला, तर भरपाई ठरवताना तोही धरायचा, असं ते कलम सांगत होतं. कुणाचा हेतू वाईट होता का, हे तिथे विचारलेलं नव्हतं. पण अपाय कशामुळे झाला ते स्पष्ट लिहिलेलं होतं: संपादनामुळे. म्हणजे क्रियाविशेषण निर्दोष आहे. त्याने दुबळ्याचा हक्क रुंदावला. कर्ता हरवला तो आपल्या भाषांतरात, क्रियापद मोडून त्याचं 'परिणाम' हे नाम केलं तेव्हा. नाव घेता येतंच: सिगारेटच्या पाकिटावर १९७५च्या कायद्याने आलेला इशारा 'आरोग्यास हानिकारक' एवढाच होता, पण त्यातही धूम्रपानाचं नाव होतं. २००९मध्ये चित्रांसह आलेल्या इशाऱ्यात धूम्रपान 'मारतं', असं थेट क्रियापदच आलं.

आणि सरकारी मराठीला 'बाधणे' परकं नाही. राज्याच्या १९९९च्या पुनर्वसन कायद्याच्या नावातच 'प्रकल्पबाधित' आहे. तेव्हा देवनारविषयी अर्ज, अहवाल किंवा बातमी लिहिणाऱ्यांना एकच विनंती: 'प्रतिकूल परिणाम होतो' खोडा आणि तिथे लिहा, कचऱ्याचा धूर माणसांना बाधतो.