भाडे थकले असता

कीर्तन आटोपले की खोडदच्या बाजूला आम्हांस एक प्रश्न हटकून येतो. "महाराज, गाळा दिलाय, चार महिने भाडे नाही. सोडून द्यावं, की माणूस बाहेर काढावा?" विचारणारा माळकरी असतो, म्हणूनच पेच.

बहुतेकजण तुकोबांचा दाखला आपणच देतात : खते इंद्रायणीत बुडविली. खरे आहे, पण कथा अर्धी सांगतात. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळानंतर धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा आधी त्यांच्या हाती दिला आणि तुकोबांनी बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची खते, असे चरित्रकार सांगतात. उलट मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी कोठार उघडले ते बादशहाचे. दया थोरच, पण त्या धान्याचे मोल विठ्ठलाला बिदरास जाऊन भरावे लागले!

तेव्हा आमचा पहिला प्रश्न : गाळा कोणाचा? पुष्कळदा तो तिघा भावांचा असतो आणि विधवा भावजयीची चूल त्यावर पेटते. माफीचे पुण्य थोरल्याला आणि उपास भावजयीला, हा कुठला न्याय? आपला वाटा खुशाल सोडा.

मग भाडेकरूकडे बघा. इकडे खतांचा दुकानदार टोमॅटोच्या पैशांवर उधार देतो. नारायणगावच्या बाजारात भाव कोसळला की शेतकऱ्याची उधारी अडते आणि तिच्यामागे गाळ्याचे भाडे. २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येकांची फळीच उघडली नाही. अशाला हप्ते बांधून द्यावेत, कागदावर लिहून. दुसरा एक दारात नवी गाडी उभी करतो आणि "एकादशीला देतो" म्हणतो. (एकादशीचा हवाला देणाऱ्याची आम्हांला जरा धास्तीच वाटते.) त्याला सोडणे ही दया नव्हे, तोंड उघडण्याचा संकोच आहे.

पण रात्री जाऊन कुलूप ठोकू नये. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे थकबाकीसाठी गाळा खाली करून मागायचा तर लेखी नोटीस पोचल्यावर नव्वद दिवस दावाच लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला नव्वद दिवस असतात. तेवढ्यात थकबाकी सालीना पंधरा टक्के सरळ व्याजाने आणि खर्चासह भरून पुढे तो नियमित देत राहिला, तर त्याला काढता येत नाही. सरकारला एवढा धीर धरवतो!

नोटीस दिल्याने माळेला बाट लागत नाही. मात्र ती टपालात पडण्याआधी एकदा त्याच्या गल्ल्यापाशी जाऊन बसावे, आकडा तोंडाने सांगावा आणि पावतीबुक बरोबर न्यावे. शंभर रुपये का देईना, पावती तिथल्या तिथे फाडून द्यावी.