दोन रकाने

निकष अनेक आणि परिणाम अनिश्चित असताना निर्णय कसा करावा? बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टलीला लिहिलेल्या पत्रात एक रीत सुचविली होती. कागदाचे दोन रकाने करावेत, तीन-चार दिवस अनुकूल व प्रतिकूल कारणे सुचतील तशी नोंदवावीत, मग समान वजनाची कारणे समोरासमोर खोडीत जावे. उरेल त्यावरून निर्णय करावा. या रीतीला त्याने नैतिक बीजगणित म्हटले.

तीत एक गृहीत दडलेले आहे. दोन्ही रकाने एकाच माणसाचे आहेत. स्वतःचे दुःख स्वतःच्या सुखासमोर खोडण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. सरदार सरोवराच्या प्रश्नात मात्र एक रकाना कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेचा होता आणि दुसरा अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या गावांचा. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले. नदीची अनिश्चितता अशी अंकांत मांडता आली. उठविलेल्या गावाला नवी जमीन आणि नवा शेजार मानवेल की नाही, ही अनिश्चितता अंकांत मावत नव्हती. आणि जे मोजता येत नाही, ते हिशेबात सहज शून्य होऊन बसते.

पुढील पद्धतींनी ही उणीव कितपत भरून काढली? लिओनार्ड सॅव्हेजने १९५१ मध्ये सुचविलेल्या रीतीत, कमाल पश्चात्ताप कमीत कमी राहील असा पर्याय निवडावयाचा असतो. संभाव्यता ठाऊक नसतानाही ती चालते. पण पश्चात्ताप कोणाचा, हे ती सांगत नाही. बेर्नार रॉय यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘एलेक्त्र’ पद्धतीत बहुतेक निकष अनुकूल असले, तरी एका निकषावरची हानी फार मोठी असल्यास पर्याय श्रेष्ठ ठरत नाही. येथे बेरीज थांबते आणि हरकत ऐकली जाते. तथापि हानी ‘फार मोठी’ केव्हा, हे अखेर माणसांनाच ठरवावे लागते.

तहानलेल्यांचा हक्कही खराच होता, हे विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचला. परंतु लाभ खरा ठरल्याने दुसऱ्याच्या रकान्यातली ओळ खोडली जात नाही. ती लाभ घेणाऱ्यांच्या नावे ऋण म्हणून राहते. पद्धतींची तुलना करताना म्हणूनच आधी विचारावे, की ही पद्धत त्या ऋणाची नोंद ठेवते की नाही.