वाटाड्याच्या वाट्याचा धोका

३ जुलै २०१९च्या दुपारी पावणेपाचच्या सुमारास इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटाच्या माथ्यावर सूर्यास्ताची गर्दी नव्हती. त्या काळात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हेल्मेट घातलेली माणसं वाटाड्यांच्या मागोमाग ९२४ मीटर उंचीच्या त्या डोंगरावर चढत, दिवस मावळताना माथ्याजवळच्या धारेवर पोचत आणि अंधार पडला की खालच्या विवरांतून उडणारे तांबडे फवारे बघत बसत. त्या दिवशीच्या टोळ्या अजून वर पोचायच्या होत्या. तेवढ्यात डोंगराने नेहमीच्या फवाऱ्यांच्या कित्येक पटींनी मोठा स्फोट केला. राखेचा लोट काही किलोमीटर वर गेला, तापलेल्या दगडांनी उतारावरची झाडीझुडपं पेटली आणि खूप खालच्या वाटेने चाललेल्या एका माणसाचा जीव गेला. हाच स्फोट तीन-साडेतीन तासांनी झाला असता तर किती माणसं गेली असती, हा विचार तेव्हा इटलीत अनेकांच्या मनात आला. माझ्या मनात मात्र त्याच्या पाठोपाठ दुसरा एक विचार येतो आणि तो जात नाही. त्या सूर्यास्ताला बसणारी माणसं रोज वेगळी असत. त्यांना घेऊन जाणारा माणूस मात्र तोच असे.

जागृत ज्वालामुखीवर फिरायला जाणाऱ्याचा धोका मोजताना आपण एका फेरीचा हिशेब करतो. एका संध्याकाळी नेमका मोठा स्फोट होण्याची शक्यता फार कमी असते आणि त्या विश्वासावर आपण पैसे भरतो. वाटाड्याचा हिशेब निराळा. हंगामात शंभर वेळा तो माथ्यावर जाऊन बसला, तर तीच शक्यता त्याच्या बाबतीत जवळजवळ शंभरपट होते. असे वीस हंगाम काढलेल्या माणसाला ती दुरून गेलेली बातमी वाटत नाही. आपण चढतो आणि घरी जातो. आपल्या चढण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा तिथे उभं राहावं लागतं. या भटकंतीचं मोल ठरवताना ही गोष्ट क्वचितच कुणी बोलतं. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

स्ट्रॉम्बोली हा डोंगर तर माणसाला विश्वासात घेणारा आहे. साधारण दर दहा-वीस मिनिटांनी एक स्फोट, असं त्याचं चक्र शतकानुशतकं चालू आहे. खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत आले आणि या प्रकारच्या उद्रेकाला भूशास्त्राने त्याचंच नाव दिलं. शिलारसात विरघळलेल्या वायूचे वर येताना मोठमोठे बुडबुडे होतात, ते विवराच्या तोंडाशी फुटतात आणि शिलारसाचे लोळ उडवतात. चुलीवरचं घट्ट पिठलं रटरटताना जसं उडतं, तसंच. हे इतकं नियमित घडतं की एक-दोन स्फोट पाहिल्यावर नवखा माणूसही पुढच्याची वेळ सांगू लागतो. खरा धोका या लयीत नसतो. कधीतरी खूप खोलवरून वायूने भरलेला ताजा शिलारस झपाट्याने वर येतो आणि एरवीचं सगळं गणित बाजूला सारतो. २०१९मध्ये जुलैनंतर ऑगस्टच्या अखेरीस हे पुन्हा घडलं. रोजच्या लयीची सवय होऊ न देणं, हे तिथल्या वाटाड्याचं पहिलं काम असावं. आणि ते भलतंच अवघड आहे, कारण त्याला रोज दिसते ती लयच.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी माणसाला वाटाड्या काही नवा नाही. गडाच्या पायथ्याच्या वाडीतला एखादा म्हातारा किंवा पोरगा पुढे होतो, कुठली सोंड धरायची, कुठल्या नळीत घसारा आहे, पाणी कुठल्या टाक्यात टिकतं, हे त्याला पाठ असतं. आपला डोंगरही लाव्ह्याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर ओतले गेले आणि त्यांचेच टप्पे आज कड्यांच्या रूपाने आपण चढतो. फरक इतकाच की तो कातळ कधीचा थंड झाला आहे. दरडी कोसळतात, पावसाळ्यात वाटा मोडतात, तरी आज्याने दाखवलेली खिंड नातवाला त्याच जागी सापडते. आपल्याकडच्या वाटाड्याचं ज्ञान वारशाने येतं आणि वयाबरोबर वाढतं.

धगधगत्या डोंगरावर ज्ञान शिळं होतं. विवराची कड गेल्या महिन्यात होती तिथे या महिन्यात असेलच असं नाही. ३० डिसेंबर २००२ला स्ट्रॉम्बोलीच्या वायव्येकडचा, लाव्हा समुद्राकडे वाहून नेणारा उतार कोसळला, त्याचा मोठा भाग पाण्यात गेला आणि उठलेल्या लाटांनी किनाऱ्यावरच्या घरांची नासधूस केली. थंडीचे दिवस होते, बेटावर पाहुणे जवळजवळ नव्हते, म्हणून माणसं वाचली. वीस वर्षं एखादा उतार ओळखणाऱ्यालाही तो एका दुपारी नव्याने ओळखावा लागतो. म्हणून इटलीने १९८९च्या कायद्यात पर्वतीय मार्गदर्शकांबरोबर ज्वालामुखीवरच्या मार्गदर्शकांचाही वेगळा उल्लेख केला, ते मला फार योग्य वाटतं. तिथे नुसतं गावचा असून भागत नाही.

त्याच्या जोडीला यंत्रं आहेत. मोठ्या स्फोटाच्या आधी विवराभोवतीची जमीन किंचित फुगते आणि तिचा कल बदलतो, हे स्ट्रॉम्बोलीवरच्या उपकरणांनी टिपलं आहे. त्यावरून मिळणारी सूचना काही मिनिटांची असते. पण काही मिनिटांत ९०० मीटर खाली कुणीच उतरत नाही. त्या मिनिटांचा उपयोग इतकाच की जवळचा काँक्रीटचा आडोसा कुठे आहे हे माहीत असलेला एक माणूस बाकीच्यांना तिथे नेऊ शकतो. यंत्राची सूचना शेवटी वाटाड्याच्या आवाजातूनच पोचते. त्याने थांबा म्हटलं की थांबणारी आणि पळा म्हटलं की प्रश्न न विचारता पळणारी माणसं मागे असली, तरच तिला अर्थ.

काही ठिकाणी तेवढाही वेळ मिळत नाही. ९ डिसेंबर २०१९ला न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर, म्हणजे व्हाइट आयलंडवर, ४७ माणसं होती. दुपारी दोन वाजून गेल्यावर विवरातून वाफ, राख आणि दगड बाहेर फेकले गेले. २२ माणसं गेली, त्यांत दोन वाटाडे होते. वाचलेल्यांपैकी अनेकांना भयंकर भाजलं. तीन आठवड्यांपूर्वीच तिथल्या इशाऱ्याची पातळी एकने वाढवली होती आणि फेऱ्या चालूच राहिल्या होत्या. असल्या स्फोटात नवा शिलारस वर यावा लागत नाही. जमिनीखालच्या अतितप्त पाण्याची एकदम वाफ होते आणि चाहूल फार थोडी मिळते. जपानमध्ये २७ सप्टेंबर २०१४च्या शनिवारी दुपारी ओंताके पर्वतावर हेच झालं. पाच पातळ्यांपैकी सर्वांत खालच्या पातळीवर असलेल्या त्या डोंगरावर शरदातली पानं बघायला आलेले ६३ जण मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले.

व्हाकारीचं प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा आपल्याला धोक्याची पुरेशी कल्पना दिली नव्हती, असं वाचलेल्या अनेक पर्यटकांनी सांगितलं. बेट खाजगी मालकीचं. तिथे जाण्याचा परवाना देऊन मोबदला घेणाऱ्या मालक कंपनीला २०२३मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि २०२५मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जागेवर प्रत्यक्ष ताबा नसलेल्या मालकाची जबाबदारी कुठवर, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्यावर मी मत देणार नाही. पण त्या चर्चेत पर्यटकांना काय माहीत होतं, हे जितक्या बारकाईने विचारलं गेलं, तितकं वाटाड्यांबद्दल विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. त्यांना माहीत होतं, असं आपण गृहीत धरतो. असेलही. पण माहीत असणं आणि नाही म्हणता येणं यांत फार अंतर आहे. सकाळी बोट भरली आहे, तिकिटं विकली गेली आहेत, पुढे धावपट्टीसारखा सरळ दिवस आखलेला आहे. अशा वेळी पगारावर काम करणारा माणूस आज नको म्हणतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोण असतं?

नाही कुणी म्हणायचं, ही गाठ इंडोनेशियातल्या मारापी पर्वतावर ३ डिसेंबर २०२३ला स्पष्ट दिसली. ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कुणी जाऊ नये असं सांगत आलं होतं. वनसंरक्षण बघणारं दुसरं खातं गिर्यारोहकांना परवाने देत होतं. स्फोट झाला तेव्हा डोंगरावर ७५ जण होते, त्यांतले २४ गेले. दोन्ही खाती एकाच सरकारची. इशारा एकाच्या हातात आणि दार दुसऱ्याच्या हातात असलं की मधल्या मोकळ्या जागेत निर्णय कुणीच घेत नाही. तो मग वाटेवर चालणाऱ्यावर येऊन पडतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माझा जीव, माझी निवड. मी प्रौढ आहे आणि धोका समजून जातो आहे, तर सरकारने वा कुणीही आड का यावं? मला हा आक्षेप मनापासून पटतो. एखादी जागा जीव घेऊ शकते म्हणून ती माणसाच्या नजरेआड करावी, असं मला वाटत नाही. पृथ्वी अजून घडते आहे हे डोळ्यांनी पाहणं, पायाखाली तिची थरथर जाणवणं, याचं मोल पुस्तकातल्या चित्राने भरून येत नाही. शिवाय डोंगर बंद करणं म्हणजे माणसं उपाशी ठेवणंही असतं. १९३०च्या मोठ्या उद्रेकानंतर स्ट्रॉम्बोलीची माणसं मोठ्या संख्येने परदेशी गेली. रोबेर्तो रोसेलिनीने १९४९मध्ये इन्ग्रिड बर्गमनला घेऊन तिथे चित्रपट केला, मग हळूहळू पाहुणे येऊ लागले आणि बेटाला पुन्हा पोटापाण्याचं साधन मिळालं. २०१९नंतर माथ्याची वाट बंद झाली. अलीकडच्या वर्षांत वाटाड्यासोबत ४०० मीटरपर्यंतच जाता येतं, आणि तेही डोंगर शांत असेल तर. यात सर्वांत जास्त गमावलं ते वाटाड्यांनीच. त्यामुळे वर जायची सर्वांत जास्त ओढ कदाचित त्यांनाच असेल.

नेमक्या इथेच 'माझी निवड' हे वाक्य अपुरं पडतं. वाटाड्यासोबत चढणारा माणूस एकट्याची निवड करतच नाही. तो स्वतःचा एक धोका पत्करतो आणि दुसऱ्याच्या चालू असलेल्या मोठ्या धोक्यात भर घालतो. काही झालं तर पुढे येणाऱ्यांचाही त्यात वाटा असतो. व्हाकारीवर स्फोटानंतर खाजगी हेलिकॉप्टरचे वैमानिक राखेने झाकलेल्या त्या बेटावर आपण होऊन उतरले आणि माणसं उचलून आणली. निवड आपली असेलही, पण तिची किंमत भरणारे अनेक असतात, आणि त्यांतल्या रोज भरणाऱ्याला आपण नावानेही ओळखत नाही.

मग करायचं काय? मला एक साधी गोष्ट सुचते आणि ती पैशाशी निगडित आहे. आपण पैसे माथ्याचे देतो, ही मूळची चूक आहे. माथ्याचे पैसे दिले की परत फिरणं म्हणजे माल न मिळणं ठरतं. मग पाहुणा कुरकुरतो, कंपनी परतावा देते आणि तो परतावा कुठेतरी वाटाड्याच्या खिशातून जातो. ज्या माणसाने परत फिरायचं ठरवावं, परत फिरण्याची किंमतही त्यानेच मोजावी, अशी ही रचना आहे. वारा फिरला, वायूचा वास वाढला, दोन स्फोटांमधलं अंतर आज वेगळं वाटलं, अशा काठावरच्या क्षणी तिचं वजन निर्णयावर पडल्याशिवाय कसं राहील? पैसे त्याच्या दिवसाचे द्यावेत, त्याच्या डोळ्यांचे आणि अनुभवाचे द्यावेत. तो पाचशे पावलांवरून मागे फिरला, तरी पूर्ण.

हे आपल्यापासून दूरचं नाही. भारताचा जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तिथे पर्यटकांना उतरू देत नाहीत, पण बालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात बातुर पर्वतावरचा सूर्योदय आता असतोच. रात्री दोन-तीनला उठायचं, गावच्या वाटाड्यामागे विजेरीच्या उजेडात १७१७ मीटर उंची गाठायची, वाफेवर उकडलेली अंडी खायची आणि समोरचं तळं उजळताना बघायचं. १९२६मध्ये याच डोंगराच्या लाव्ह्याने पायथ्याचं गाव आणि देऊळ गिळलं आणि लोकांनी देऊळ वरच्या कडेवर नेऊन पुन्हा बांधलं. शेवटचा उद्रेक २०००चा. टूर ठरवताना आपण नाश्ता शाकाहारी आहे का, गाडी हॉटेलच्या दाराशी येईल का, हे बारकाईने विचारतो. त्याच वेळी एवढंही विचारावं की वाटेतून परत फिरावं लागलं तर सोबतच्या माणसाला त्या पहाटेचे पूर्ण पैसे मिळतात का. नाही म्हणाले किंवा उत्तर गुळमुळीत आलं, तर ती रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि चढायला सुरुवात करण्यापूर्वीच त्याच्या हातात द्यावी.