मस्टरवर नसलेली बाई

२०२० साली होळी ९ मार्चला होती. मेळघाटातल्या कोरकूंचं वर्ष होळीभोवती फिरतं. माणूस कामाला कुठेही गेलेला असो, होळीला गावी येतो, सडकेवर होळीची देणगी म्हणून फगवा मागतो, सण साजरा करतो आणि पुन्हा खाली उतरतो. खाली म्हणजे अचलपूर, चांदूर, तिवसा, धामणगाव रेल्वे. तिथे त्या दिवसांत हरभरा-गव्हाची सोंगणी सुरू असते आणि वीटभट्ट्यांचा हंगाम भरात असतो. त्या वर्षी होळी करून जी जोडपी परत आली, त्यांच्या वाट्याला कामाचे जेमतेम दोन आठवडे आले. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला.

टाळेबंदीतल्या स्थलांतरिताचं जे चित्र आपल्या मनात पक्कं झालं आहे, ते पुरुषाचं आहे. त्याला कारणही आहे. ८ मेच्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ मालगाडीखाली जे १६ मजूर गेले, ते सगळे मध्य प्रदेशातले पुरुष होते. धामणगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचं काम तेव्हा चालू होतं. त्या छावण्यांतही परराज्यातली पुरुषमंडळीच मुख्यतः होती. त्यांचे हाल झाले नाहीत असं कोण म्हणेल? पण त्यांना निदान मोजता येत होतं. ठेकेदाराकडे यादी होती, आधारकार्डावर दुसऱ्या राज्याचा पत्ता होता, आणि १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या तेव्हा त्या यादीचा उपयोग झाला.

मेळघाटातून आलेल्या बाईसाठी गाडी कुठली सुटणार? मेळघाटातलं धारणी आणि खालचं धामणगाव ही एकाच अमरावती जिल्ह्याची दोन टोकं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, भाषा वेगळी, पाणी वेगळं. पण कागदोपत्री ती स्थलांतरितच नाही. तेव्हा लागू असलेला आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा, आणि नावातच त्याची मर्यादा स्पष्ट होती. राज्याची सीमा ओलांडली तर तुम्ही स्थलांतरित. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे एवढं सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर, संसदेनं जी नवी श्रमसंहिता मंजूर केली तिनं स्वतःहून आलेल्या मजुराला व्याख्येत घेतलं, पण राज्याच्या सीमेची अट तशीच ठेवली. त्यात टाळेबंदीत एसटी बंद, गावोगावी बांबू आडवे टाकून गावबंदी. मे महिन्यात जिल्ह्याअंतर्गत बसला मुभा मिळाली तेव्हा अमरावती आणि अकोला ही शहरं रेड झोनमध्ये होती, आणि धामणगावहून मेळघाटात जायची सरळ वाट अमरावतीवरूनच जाते.

हे झालं अंतराचं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती वीटभट्टीवरची वही. भट्टीवर मजुरी हजारी असते, म्हणजे हजार विटांमागे अमुक रुपये. हंगामाच्या सुरुवातीला उचल दिलेली असते, दर बाजाराला खर्ची मिळते आणि शेवटचा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. वहीत एक नाव असतं, नवऱ्याचं. त्याच्यापुढे विटांचा आकडा. गारा तिनं तुडवलेला असतो, थापलेल्या विटा तिनं उलटवून वाळवलेल्या असतात, डोक्यावरून रचायला तिनंच नेलेल्या असतात. पण आकडा एकच आणि तो त्याच्या नावावर. ऊसतोडीतही हेच आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. सोंगणी एकरी ठेक्यानं घेतली की तिथेही जोडीचाच भाव ठरतो. मालकाला यात सोय आहे आणि नवऱ्याला गैर काही वाटत नाही. चांगल्या वर्षी यानं कुणाचं अडतही नाही.

मात्र २०२० सारख्या वर्षी सरकारची मदत येते ती वही-यादी बघतच येते. नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात राज्यानं २ हजार रुपये टाकले. त्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीतच नाव नसलेल्या बाईला तो देणार कोण? जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये आले. हे पैसे खरोखरच तिच्या नावचे, पण पासबुक आणि बँकेची शाखा मेळघाटात. मोफत धान्य माणशी ५ किलो. शिधापत्रिका कुठेही चालावी अशी सोय जानेवारीपासून राज्यात होती. पण कार्ड कुटुंबाचं, ते घरी सासू-सासऱ्यांजवळ, आणि धान्याचा कोटा दुकानदाराला त्याच्या गावच्या कार्डांवर मिळणार. मे महिन्यात केंद्रानं कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी वेगळं धान्य जाहीर केलं. हिच्याकडे तर कार्ड होतं! यातली एकेक योजना घेतली तर तिच्यात खोट काढता येत नाही. सगळ्या मिळून मात्र अशा बेतल्या होत्या की भट्टीवर अडकलेली बाई नेमकी त्यांच्या फटीत राहावी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. ती कुटुंबासोबत होती. नवऱ्याला मिळालं ते तिलाही मिळालंच की. घरात माणसं गुण्यागोविंदानं असतील तर खरं आहे. पण त्या उन्हाळ्यात बांधकामं थांबली, विटा उठेनात, कापसाची खरेदी बंद पडून शेतकऱ्याचा कापूस घरात, जिनिंग बंद. म्हणजे शेतकऱ्याच्याही हाती रोकड नाही. पैसा आटतो तेव्हा मजुरी कुणाच्या हातात पडते याला फार अर्थ येतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला नवरा एकटा बांधला जात नाही, जोडी बांधली जाते. कर्ज त्याच्या नावावर आणि फेडायचं तिच्याही अंगानं, हा व्यवहार बँकेत कुणी चालवून घेणार नाही.

गरोदर बाईचं आणखी वेगळं. तिची नोंद गावच्या अंगणवाडीत आणि आशाताईच्या वहीत. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. टाळेबंदीत त्याऐवजी कोरडा शिधा घरपोच द्यायचं ठरलं. घरपोच म्हणजे मेळघाटातल्या घरी. धामणगावजवळच्या शिवारातल्या झोपडीत दिवस भरत आलेली बाई तिथल्या कुठल्याच वहीत नव्हती. बरोबरची पोरंही वाढली, कारण आश्रमशाळा बंद झाल्या होत्या.

दुसऱ्याच्या नावावर असलेल्या बाईचं साथीत काय होतं, हे त्याच वर्षी बेरूतमध्ये जगानं पाहिलं. लेबनॉनमध्ये परदेशातून आलेल्या घरकामगार बायांचा परवाना मालकाच्या नावाला जोडलेला असतो आणि कामगार कायदा त्यांना लागू नाही. चलन कोसळलं, साथ आली, आणि जून २०२० मध्ये मालकांनी इथिओपियन बायकांना त्यांच्या वकिलातीच्या दारात आणून सोडून दिलं. वऱ्हाडातला मालक इतका निर्दय नाही, आणि इथे परवानाही लागत नाही. पण व्यवहार एका जातीचे आहेत.

मोजण्याबद्दल जाता जाता एक. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं देशात सर्वांत जबर तडाखा दिलेल्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. तरुण वयातल्या बायका पुरुषांहून जास्त दगावल्या, ही गोष्ट १९२१ च्या जनगणनेत नोंदलेली आहे. १४ सप्टेंबर २०२० ला मात्र लोकसभेत उत्तर आलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती सरकारकडे नाही. शंभर वर्षांत आपण कुठे आलो, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नंतर मोजणी झाली, नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं कान उपटल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं आणि त्यावर नोंदलेल्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. हे मोठं काम आहे. पण तो आकडा ती आज कोणत्या भट्टीवर आहे हे सांगत नाही आणि मालकाला कशानंही बांधत नाही. दुसरीकडे २०२०-२१ च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांचं कारण एकच लागलं, लग्न. धामणगावला भट्टीवर आलेल्या बाईला तुम्ही विचारलंत तरी ती हेच म्हणेल, मालकासंगं आली. इथे मालक म्हणजे नवरा.

महिला व बालविकास खात्यानं २०२१ च्या अखेरीस अमरावतीसह काही जिल्ह्यांत स्थलांतरित बायका-मुलांचा माग ठेवणारी यंत्रणा सुरू केली. राज्याच्या आत, जिल्ह्याच्या आतही होणारं स्थलांतर तिनं स्थलांतर म्हणून लिहून घेतलं; म्हणून मला ती ई-श्रमपेक्षा मोलाची वाटते. मात्र तिच्यात बाई शिरते ती गरोदर, स्तनदा किंवा लहान मुलाची आई म्हणून. चाळिशीतली, पोरं मोठी झालेली, दिवसभर विटा वाहणारी बाई या यादीत बसत नाही. ती बसेल अशी यादी करायला नवं पोर्टल लागत नाही. भट्टीवरच्या वहीत दोन नावं, हजारीचा अर्धा भाव तिच्या खात्यावर आणि तपासायला वर्षातून एकदा कामगार खात्याचा माणूस, एवढं पुरे. भट्टीमालक म्हणतील हिशेब वाढतो. तो वाढतोच; हजार विटांचा भाव दोन माणसांना पुरत नाही हे त्या वहीत उघड दिसायला लागतं, आणि मग भावाची बोलणी एकट्या नवऱ्याशी करून भागत नाही.