प्राचीनत्वाचा मोह

विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन तांबडा होतो. जितका अधिक ताण, तितका प्रकाश अधिक जुना. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत असा एक अतितांबडा, तरीही तेजस्वी ठिपका आढळला. विश्वारंभानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांच्या सुमारास त्याचा प्रकाश निघाला असावा, असे अनुमान झाले. इतक्या लवकर इतके तेज कोठून, म्हणून शास्त्रज्ञ चकित झाले. पुढे २०२३ साली वर्णपट तपासला, तो ती दीर्घिका १०० कोटी वर्षांहूनही नंतरची निघाली! धूळ व तप्त वायूच्या तेजोरेषा यांनी फसविले होते. हे सारे उघडपणे प्रसिद्ध करण्यात आले.

वाचून आम्हांस संकोच वाटला. देवालय किती जुने, असे यात्रेकरूंनी विचारताच 'हजार वर्षांचे' म्हणून आम्ही बेधडक सांगत आलो. आधार एवढाच, की तीर्थरूप तसे सांगतात. (आजोबा आठशे सांगत, अशी एका वृद्ध सभासदांची आठवण आहे.)

देवाच्या गौरवार्थ बोललेले असत्य क्षम्य मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वय घटले म्हणून त्या दीर्घिकेचे अस्तित्व उणावले नाही. उलट, २०२४ साली सुमारे ३० कोटी वर्षांच्या काळातील दुसरी तेजस्वी दीर्घिका वर्णपटाने सिद्ध झाली, तेव्हा तिजवर विश्वास बसला तो पहिलीविषयीची चूक लपविली नव्हती म्हणूनच. हजाराचा आकडा खरा निघाला, तरी आमच्या मुखातून तो कोण खरा मानील?

येत्या उत्सवात कोणी विचारल्यास 'ठाऊक नाही' म्हणावयाचे ठरविले आहे. तीर्थरूप शेजारी उभे असता जीभ वळेल की नाही, हे मात्र सांगवत नाही.