प्रमाणातील ईश्वर आणि प्रार्थनेतील ईश्वर

सत् म्हणजे काय, याचा विचार तत्त्वमीमांसा करते. ईश्वर कोण आणि जीवाचा त्याच्याशी संबंध काय, याचा विचार ईश्वरविद्या करते. या दोन शास्त्रांचा परस्परसंबंध कोणता, हा आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानातील मोठा प्रश्न होय. तो केवळ पंडितांच्या वादाचा नाही. ईश्वराला हाक मारणाऱ्या प्रत्येक जीवाचा तो प्रश्न आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व गोष्टींवर संशय घेऊन पाहिला. संशय घेणारा 'मी' तेवढा निःसंशय उरला. परंतु त्या 'मी'ला होणारे जगाचे ज्ञान खरे कशावरून? देकार्त म्हणतो, ईश्वर परिपूर्ण आहे, म्हणून तो फसविणारा नव्हे. यास्तव स्पष्ट व विविक्त ज्ञान विश्वसनीय होय. येथे ईश्वर सिद्ध झाला खरा, पण तो ज्ञानाच्या इमारतीचा आधार म्हणून.

त्याच काळातील थोर गणिती पास्कल याची वाट निराळी. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री आलेला अनुभव त्याने लिहून ठेवला. १६६२ साली त्याचा देहान्त झाल्यावर तो लेख त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला आढळला. तत्त्वज्ञांचा ईश्वर वेगळा आणि पूर्वजांनी ज्याला भजले तो ईश्वर वेगळा, असा भेद त्यात केलेला आहे.

पुढे १७८१ साली कांट याने ईश्वरसिद्धीची प्रमाणे तपासली. त्याचा दृष्टान्त असा : कल्पनेतील शंभर नाणी आणि खरी शंभर नाणी यांच्या संकल्पनेत एका नाण्याचाही भेद नाही, तथापि कल्पनेतील नाण्यांनी कोणी धनवान होत नाही. दार्ष्टान्तिक असे की, ईश्वराची संकल्पना कितीही निर्दोष असली, तरी केवळ तिच्यातून त्याचे अस्तित्व निष्पन्न होत नाही.

येथे कोणी शंका घेईल : मग कांट नास्तिक ठरला काय? समाधान : नाही. ज्या मर्यादेमुळे बुद्धी ईश्वर सिद्ध करू शकत नाही, त्याच मर्यादेमुळे ती त्याचे नास्तित्वही सिद्ध करू शकत नाही. श्रद्धेला अवकाश मिळावा म्हणून ज्ञानाला सीमा घालावी लागली, हे त्याने १७८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. तथापि १७८८ च्या ग्रंथात त्याने ईश्वर स्वीकारला, तो नीतीला आवश्यक असे गृहीत म्हणून. म्हणजे येथेही ईश्वर कशाच्या तरी पूर्ततेसाठीच आला.

हाच दोष जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने १९५७ च्या व्याख्यानात नेमका दाखविला. तत्त्वमीमांसेने ईश्वराला 'स्वतःचे कारण स्वतःच' असे म्हटले. परंतु अशा कारणापुढे मनुष्य प्रार्थना करू शकत नाही, गुडघे टेकू शकत नाही.

तर मग विचार त्याज्य काय? तसेही नव्हे. जो ईश्वर नव्हे त्याला ईश्वर म्हणू नये, हा विवेक विचारानेच येतो. विचार सोडला तर श्रद्धेच्या नावाने भ्रमही पूजिला जाईल. परंतु विवेक म्हणजे भेट नव्हे. अंतकाळी जीवाला प्रमाणाने धीर येत नाही. ज्याला हाक मारावी असा कोणी हवा असतो. म्हणून साधकाने आणि वासनिकाने आजच स्वतःला विचारावे : ईश्वराविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण ईश्वराशी किती बोलतो?