दाखला आणि विद्या

कीर्तन आटोपून बुक्का लावतांना गांवोगांवीं एक गाऱ्हाणें हल्लीं कानीं येतें. "बुवा, शिकून काय होते? पोट्टा ना धड वावरातला राहिला, ना साहेब झाला." सांगणारा शेतकरी असतो, माळकरी असतो आणि खोटें बोलत नसतो. शिक्षणावर टीका करणारे विद्वान पुष्कळ आहेत. परंतु ज्यानें वावर गहाण टाकून पोराची फी भरली, त्याचें म्हणणें आधीं ऐकलें पाहिजे. मात्र त्याच्या पाठोपाठ "मग शाळा पाहिजेच कशाला?" असा जो प्रश्न येतो, त्याला मान डोलवावी कीं नाहीं, याचा आज विचार करूं.

महाभाष्याच्या आरंभीं पतंजलींनीं विद्या उपयोगास येण्याचे चार काळ सांगितले आहेत. पहिला गुरूपासून ती घेण्याचा, दुसरा आपल्याशीं तिचा अभ्यास करण्याचा, तिसरा दुसऱ्यास सांगण्याचा आणि चौथा व्यवहारांत आणण्याचा. या मापानें आजची शाळा मोजून पहा. परीक्षा होते ती बहुतेक पहिल्या काळाची. दुसरा काळ आपण क्लासवाल्याच्या स्वाधीन केला आहे. बारावीच्या पोराचें नांव कॉलेजांत आणि पोर क्लासांत, ही नागपुरांतली उघड रीत झाली आहे. तिसऱ्या काळाची तर भीतीच वाटते, कारण शेजारच्याला समजावून सांगितलें तर आपलाच नंबर घसरेल! आणि चौथा? तो नोकरी लागल्यावर येईल, या आशेवर ठेवलेला. नोकरी लागली नाहीं कीं पोरगं घरीं येतें. नांगर धरायची लाज वाटते, आणि धरावा म्हटलें तर हाताला सवय नसते. शेतकऱ्याचें गाऱ्हाणें तें हेंच.

म्हणून जुनी पाठशाळा या मापाला पुरी उतरत होती, असें मात्र कोणी समजूं नये. रूपावली, अमरकोश, लघुकौमुदी या क्रमानें मीं लहानपणीं घोकलें आहे. वरच्या विद्यार्थ्यानें खालच्याला पाठ द्यावा, ही तेथली रीत फार चांगली होती. तिसरा काळ तिच्यांत आपोआप साधत असे. पण घोकंपट्टी तेथेंही होतीच, आणि अर्थ पुष्कळदां मागाहून कळे. त्याहून मोठी उणीव ही कीं, त्या ओसरीवर गांवांतलीं बहुतेक मुलें कधीं बसलींच नाहींत. त्यांना कोणी बोलावलें नाहीं. कित्येकांना तर उंबरठाही चढूं दिला नाहीं. तेव्हां "पूर्वीचें गुरुकुल बरें होतें" असें म्हणणाऱ्यानें तें कोणासाठीं बरें होतें, तेंही सांगावें.

पुस्तकी शाळेवरची एक फार मोठी टीका आपल्या विदर्भांतच झाली आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. केवळ अक्षरांवर पोसलेलें मूल श्रमाला लाजतें आणि आपल्याच गांवाला परकें होतें, हा तेथला विचार. पुढें डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचें, मातृभाषेंतलें आणि हस्तोद्योगांतून द्यावयाचें शिक्षण आखलें. सेवाग्रामीं आर्यनायकम् व आशादेवी यांनीं तें चालवून दाखविलें. हीच नई तालीम. चौथा काळ पहिल्याच दिवशीं वर्गांत आणून बसविण्याचा तो प्रयत्न होता.

वर्ध्याच्याच भूमींत पुढें ज्यांचें आयुष्य गेलें, त्या विनोबांनीं तर तरुणपणींच आपले दाखले अग्नीच्या स्वाधीन केले, असें त्यांच्या चरित्रांत येतें. १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले विनोबा वाटेंत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. तो त्याग खरा. त्याच्यापुढें मस्तक नमवावें.

परंतु वर्धा परिषदेच्या पंचावन्न वर्षें आधीं, १८८२ सालीं, जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें एक निवेदन ठेवलें होतें. तीही टीकाच होती, आणि चांगली झणझणीत. महसूल यावा रयतेच्या घामांतून, आणि खर्च मात्र व्हावा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा कोठला न्याय? शिकवितां तेंही बदला. शेतीचें प्राथमिक ज्ञान द्या, आरोग्याचे नियम सांगा, असेंही त्यांनीं मागितलें. पण त्यांची मुख्य मागणी कोणती होती? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा! शाळेंत दोष आहेत म्हणून ती सोडा, असें ते म्हणाले नाहींत. सुधारा आणि सर्वांना द्या, असें म्हणाले.

मग नई तालीम देशभर कां रुजली नाहीं? पुष्कळ शाळांत टकळी आली, तिच्या मागचा विचार आला नाहीं. नोकरीच्या बाजारांत मान पदवीलाच राहिला. आणि आणखी एक कारण आपण मन लावून ऐकावें असें आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातच राबले, त्या बापाला मुलाच्या हातीं पुनः हत्यार द्यायचें नव्हतें; लेखणी द्यायची होती. त्याला दोष कसा द्यावा? विनोबांजवळ दाखले होते, ते त्यांनीं टाकले. ज्याच्या सात पिढ्यांत दाखला आलाच नाहीं, त्यानें काय टाकावें? आपल्या नागपुरांत दीक्षाभूमीच्या आवारांत १९६४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवाचें महाविद्यालय चालत आलें आहे. घराण्यांत पहिला पदवीधर ज्यांनीं पाहिला, अशा एखाद्या घरीं जाऊन "पदवी म्हणजे कागदाचा कपटा" असें म्हणून पहा! तो कागद त्या घरीं भिंतीवर लावलेला असतो, आणि माय त्यावरची धूळ पदरानें पुसते.

ज्ञानदेवादि भावंडांची कथा आपण जन्मभर ऐकतों. त्या लेकरांना शुद्धिपत्रासाठीं आळंदीहून पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. त्यांचें ज्ञान कांहीं त्या पत्रावर अवलंबून नव्हतें. मग पत्र कशाला? कारण त्यावांचून गांव त्यांना आपल्यांत घेत नव्हतें. दाखला म्हणजे विद्या नव्हे, हें खरेंच, पण जोंवर जगाचीं दारें दाखल्यावांचून उघडत नाहींत, तोंवर बाहेर उभा असलेल्यास "दाखला कशाला?" असें आंत बसून सांगणें ही निष्ठुरता आहे.

कोणी म्हणेल, गाडगेबाबा कोणत्या शाळेंत गेले होते? अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचें नांव आहे. १९२३ सालीं निघालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ सालीं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. त्यांचेंही शाळेंतलें शिकणें थोडकेंच. हें सर्व खरें. पण या दोघांनीं लोकांना काय सांगितलें? गाडगेबाबा कीर्तनांत बजावीत, कीं घरांतलीं भांडीं विकायची पाळी आली तरी चालेल, पण पोराची शाळा सोडवूं नका. तुकडोजी महाराजांनीं ग्रामगीतेंत "जीवन शिक्षण" हा स्वतंत्र अध्याय घातला. ज्यांना शाळा लाभली नाहीं त्यांनीं तिचें मोल ओळखलें. आणि ज्यांना लाभली ते आपण तिची टवाळी करतों.

ही टवाळी फुकट जात नाहीं. वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्या, असा विचार राज्य सरकारनें २०२३ सालीं मांडला. शाळा दूर गेली तर शहरांतल्या मुलाचें कांहीं बिघडत नाहीं. वाडीवरची पोरगी मात्र घरीं बसते आणि तिच्या लग्नाची बोलणीं सुरू होतात. "तशीही तेथें काय शिकवतात?" हें आपलें वाक्य त्या वेळीं तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून उभें राहतें.

म्हणून माळकऱ्यांनीं टीका करावी ती शाळेंत जाऊन करावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असें ठरविलें आहे. आपल्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत ती समिति केव्हां भरते, तें विचारा; तेथें जाऊन बसा, बायकांनाही न्या. मुलांना वाचतां येतें कां, मास्तर किती दिवस बाहेरच्या कामांत अडकतात, परसांत चार वाफे कां नाहींत, हे प्रश्न तेथें विचारा.

आणि उरलेले दोन काळ घरीं सांभाळा. दिंडीच्या शिध्याचा हिशेब दहावीच्या पोराकडे द्या. शाळेंत शिकलेलें आजीला समजेल असें सांगायला नातीला बसवा. चुकतील, चुकूं द्या, पुनः करूं द्या. सुटींत शेतांत न्या, पण शाळेच्या दिवशीं नेऊं नका. आपल्या गांवांतलें कोणतें मूल आज शाळेंत नाहीं, हें या एकादशीला भजनास बसण्यापूर्वीं मोजून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या दारीं जा.